मुकादमचे नव्वद टक्के

१२ जून

बारके,

फोन तू उचलत नाहीस. मेल न उघडताच काढून टाकत असणार. म्हणून कागदावर लिहिते आहे, कागद टाकून द्यायचा तरी त्याला हात लावावा लागतो. पत्ता तुझ्या प्रयोगशाळेचा घातला आहे, तोही सरांच्या वहीतून उतरवून घेतला. घरचा मला माहीत नाही.

मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात. फेब्रुवारीत चष्म्याचा नंबर बदलला. बाकी तेच, सकाळी सातला पिंजरे, आठला वजनं, नऊपासून माकडांची शाळा. तू गेल्यापासून सात वर्षांत तीन संशोधक आले. त्या तिघांनाही मी तुला शिकवलं तेच शिकवलं: खुर्चीत बसवताना घाई नको, दात दाखवून हसायचं नाही, रसाची नळी रोज उकळायची. तिघांनीही पहिल्याच आठवड्यात दात दाखवले.

पत्राचं कारण एवढंच की मुकादम चुकायला लागला आहे.

एकोणीस वर्षांचा झाला तो. माकडाच्या हिशेबात आजोबाच. रुबाब मात्र तोच, फळीवर बसून बाकीच्यांकडे असा बघतो जणू सगळ्यांची हजेरी ह्यालाच घ्यायची आहे. तू गेल्यावरही दर वर्षी महिनाभर आम्ही त्याला तुझेच दोन चेहरे दाखवत आलो. नजर पडद्यावरच्या मधल्या ठिपक्यावर ठेवायची, चेहरा पहिल्या बाईचा आला तर डावी दांडी ओढायची, दुसऱ्या बाईचा आला तर उजवी. बरोबर आलं की रसाचा घोट. तुझ्या त्या दोन बाया तू एकमेकींत इतक्या मिसळल्या होत्यास की शेवटच्या पायरीवर मला स्वतःला फरक कळत नाही. तो ओळखायचा. शंभरात नव्वद, गेल्या वर्षी एक्क्याण्णव. ह्या मार्चमध्ये चोपन्न आले. आता बावन्न आहेत. डोळे मिटून दांड्या ओढल्या असत्या तरी पन्नास आलेच असते.

डोळ्यांचे डॉक्टर येऊन गेले. डोळे स्वच्छ आहेत म्हणाले, मोतीबिंदूसुद्धा नाही. म्हणजे जे काही बिघडलं आहे ते डोळ्यांच्या मागे. सर तुझा पेपर पुन्हा काढून बसले आहेत.

तुला कळवावंसं वाटलं. उत्तराची घाई नाही.

ताई


२९ जून

बारके,

सरांनी ठरवलं. एकतीस जुलैला मुकादमला इंजेक्शन देऊन झोपवायचं आणि मेंदू काढून घ्यायचा. मग तो गोठवून कागदाहून पातळ काप करायचे.

कारण तुझा पेपर. तू लिहिलं आहेस की कानामागे आत जो पट्टा असतो, तिथल्या पेशी सरावाने शिकतात. आधी दोन्ही बायांना सारख्याच तडतडायच्या, दोन वर्षांनी एकीला जास्त, एकीला कमी. त्याच्या मेंदूत बारीक तार घालून तू स्पीकरवर ऐकवायचीस, तो आवाज मला अजून ऐकू येतो. आता मुकादमची ओळख पुसली गेली असेल तर त्या पेशींचं काय झालं हे बघायची संधी पुन्हा मिळणार नाही, असं सर म्हणतात. ते बोलत होते तेव्हा मी नळी उकळत होते. "ताई, तुम्हाला वाईट वाटणार, कल्पना आहे मला," म्हणाले. मी म्हटलं, "सर, आदल्या दिवशी उपाशी ठेवायचं ना?" हो म्हणाले. मी फळ्यावर तारीख लिहून ठेवली.

खरं सांगते, मला काहीच वाटलं नाही. दात काढायच्या आधी गाल बधिर करतात, मग आपण त्याला बोट लावून बघतो आणि तो दुसऱ्या कुणाचा तरी लागतो हाताला, तसं. आई गेल्यापासून बरेचसे दिवस असेच जातात. कामाला बरं पडतं. माझ्या हातून गेल्या सात वर्षांत एकही रसाची बाटली सांडलेली नाही.

मागच्या आवारात आता एक मोकळं कुंपण आहे. तुझ्या वेळी नव्हतं. काम संपलेली माकडं तिथे ठेवतात, सध्या दोन म्हाताऱ्या आहेत, दिवसभर एकमेकींच्या उवा काढत बसतात. मला वाटलं होतं मुकादमही तिकडेच जाईल. त्याच्यासाठी एक टायर टांगून घेतलं होतं. ते वापरतील आता त्या दोघी.

तू माझ्याशी शेवटचं बोललीस ते आईच्या खोलीच्या दारात. "मला का सांगितलं नाहीस?" तीनदा विचारलंस. तीन आठवडे ती अंथरुणाला खिळून होती आणि मी शेजारणीला बसवून रोज मोजणीपुरती येत होते, तुला सांगत होते, खोकला आहे, उतरेल. तू बसने अर्ध्या तासावर, वसतिगृहात. मी काय उत्तर दिलं तेही आठवत असेल तुला. म्हटलं, तुझी शेवटची मोजणी चालू होती, तार एकदा बाहेर काढली की तीच पेशी परत सापडत नाही, तूच सांगितलं होतंस. तू म्हणालीस, "पेशी!" एवढंच. आणि मग पाठ फिरवलीस.

मी ते पुन्हा उकरून काढत नाही. मला अजूनही वाटतं की मी तुझ्या भल्याचंच केलं. तुझा पेपर झाला, नोकरी लागली, स्वतःची प्रयोगशाळा आहे. आई असती तर शेजारणींना सांगून सांगून तिने त्यांच्या नाकी नऊ आणले असते.

ताई


८ जुलै

बारके,

दोनच ओळी. मुकादमचा आकडा वर आला. सोमवारी एकोणनव्वद, मंगळवारी एक्क्याण्णव, आज पुन्हा एक्क्याण्णव. नव्या मुलीने (सध्याची संशोधक, हुशार आहे, केस मात्र सारखे तोंडात घालते) आकडे बघून टाळ्या वाजवल्या आणि दात दाखवून हसली. मुकादमने तिच्याकडे पाठ केली.

कसा आला वर ते विचारू नकोस. आला, झालं. सरांना सकाळीच दाखवलं आहे. आता एकतीस तारीख पुसतील फळ्यावरून.

तुझ्या पेपरला काही झालेलं नाही, हे तुला कळावं म्हणून लिहिलं.

ताई


१४ जुलै

बारके,

तारीख पुसली. नवी तारीख घातली, एकवीस जुलै. दहा दिवस अलीकडे.

सर म्हणाले, म्हाताऱ्या जनावरात अशी सुधारणा येते आणि जाते. आत्ता ओळख शाबूत आहे तोवर मेंदू बघितला तर पेशी जशा कामाच्या वेळी होत्या तशा सापडतील, आकडा पुन्हा उतरला की गेलं. त्यांच्या बाजूने बघितलं तर बरोबरच आहे. मी इतकी वर्षं ह्या लोकांत आहे, मला हे आधी सुचायला हवं होतं. म्हणजे आकडा खाली होता तेव्हा कापायचा म्हणून मरत होता, आणि वर आला तर जास्त घाईने.

"तुमच्या बहिणीलाही कळवलंय," सर म्हणाले. "तिची हरकत नाही. तिलाही अर्धे काप हवे आहेत."

म्हणजे सरांच्या मेलला तू उत्तर देतेस. चांगलं आहे.

मला राग आला नाही. तू त्याला चमच्याने रस पाजायचीस, तो आजारी होता तेव्हा पिंजऱ्यासमोर सतरंजी टाकून बसली होतीस, तरी मला समजतं. त्याच्या डोक्यात तुझी दोन वर्षं आहेत, ती तुला बघायची आहेत. फक्त आज जेवताना घास नुसताच फिरत राहिला तोंडात. गिळायचं कसं ते आठवेना थोडा वेळ. मग आठवलं.

तुला एक सांगायचं आहे. आज नाही जमत.

ताई


१६ जुलै, गुरुवार

बारके,

हे कुरिअरने पाठवते आहे. शनिवारी तुझ्या हातात पडेल असं तो माणूस म्हणाला. कृपा करून शनिवारीच वाच, कारण सोमवारी तुला सरांचं पत्र येणार आहे, आणि त्यातलं तुला माझ्याकडून आधी कळावं म्हणून मी त्यांच्याकडून चार दिवस मागून घेतले.

मुकादमला तुझ्या दोन बाया कधीच ओळखता येत नव्हत्या.

जूनच्या शेवटी नवी मुलगी चहा पिताना मला म्हणाली, "ताई, ह्या चष्म्यात तुमचे डोळे दिसतात हो. आधी नुसत्या काचा चमकायच्या." चष्मेवाल्याने ह्या खेपेला काचांवर चमक न येण्याचा थर दिला होता. मी हसले आणि कप धुवायला गेले. नळ चालूच ठेवून तिथे बराच वेळ उभी राहिले असेन, कारण कुणीतरी येऊन तो बंद केला.

माझ्या पुढ्यातला तो छोटा पडदा तुला आठवत असेल. रसाचा जास्तीचा घोट मला हाताने सोडता यावा म्हणून तूच बसवला होतास. पहिली बाई आली की तो पांढरा व्हायचा, दुसरी आली की काळा, म्हणजे मला अंधारात अक्षरं वाचत बसायला नको. आणि मी बसायचे मुकादमच्या समोर, मोठ्या पडद्याच्या कडेला, कारण मी दिसले नाही तर तो खुर्चीत धड बसायचा नाही. पांढरा झाला की माझ्या काचा चमकायच्या. काळा झाला की विझायच्या. त्याची नजर ठिपक्यावरच असायची, कॅमेऱ्यात तसंच दिसायचं, त्याने तुला कधी फसवलं नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होता. त्या पट्ट्यातल्या पेशींची खिडकी मोठी असते, मधे बघताना कडेचंही त्यांना दिसतं, हे मला तूच कागदावर वर्तुळं काढून समजावलं होतंस.

लगेच विश्वास ठेवला नाही मी. शनिवारी दुपारी सगळे गेल्यावर त्याला खुर्चीत बसवलं. तू शिकवलंस तसं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. जुना चष्मा घालून दोनशे वेळा: एकशे त्र्याऐंशी बरोबर. नवा चष्मा घालून दोनशे वेळा: एकशे तीन. मग जुनाच चष्मा, पण छोट्या पडद्यावर फडकं टाकून: नव्व्याण्णव. ह्या शेवटच्या खेपेला त्याने मधेच दांड्या सोडल्या आणि मान वळवायचा प्रयत्न केला. डोकं तर घट्ट बसवलेलं. नुसते डोळे माझ्याकडे वळवले. मी काहीतरी चुकते आहे असं त्याला वाटत असणार.

मग मी काय केलं ते ऐक. सोमवारी जुना चष्मा घालून कामावर गेले. आठ जुलैचं पत्र तेव्हाचं. वाटलं, त्याचा जीव वाचतो, तुझं नावही वाचतं, आणि कुणाला काही कळत नाही. मूग गिळून बसायची मला सवयच आहे. त्याचं काय झालं ते तुला माहीत आहे, तारीख दहा दिवस अलीकडे आली.

काल दुपारी सरांना आत बोलावलं आणि तिन्ही खेपा त्यांच्यासमोर करून दाखवल्या. ते शेवटपर्यंत उभेच होते. मग स्टुलावर बसले.

"रजिस्टरमध्ये तुमच्या खुर्चीची नोंद आहे?"

"नाही."

"कधीपासून बसताय तिथे?"

"बारकीच्या पहिल्या वर्षाच्या शेवटापासून."

त्यांनी बोटांवर मोजलं. मुळात शिकलेल्याच नव्हत्या का त्या पेशी, असं स्वतःशीच पुटपुटले. मी म्हटलं, "शिकल्या हो सर. माझा चष्मा शिकल्या." ते हसले नाहीत, मीही विनोद केला नव्हता. पेपर मागे घ्यावा लागेल म्हणाले, त्यांचंही नाव आहे त्याच्यावर. तुला लिहावं लागेल. मी म्हटलं, सोमवारपर्यंत थांबा. आणि मुकादमचं काय, ते विचारलं. "त्याचा मेंदू कापून आता काय बघणार, ताई?" त्यांनी स्वतः जाऊन फळा पुसला.

तो आज सकाळी कुंपणात गेला. दोन्ही म्हाताऱ्या अंगावर धावून आल्या, मग नुसत्याच बघत राहिल्या. टायरकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. जमिनीवर हात ठेवून कितीतरी वेळ गवत दाबून बघत होता. खुर्चीत डोकं अडकवायला कवटीत बसवलेला लोखंडी खुंट तसाच आहे, तो आता काढता येत नाही.

आता माझं. सर विचारतील म्हणून नाही, तुझ्यासाठी लिहिते. मला चष्म्याचं माहीत नव्हतं, हे आईची शपथ घेऊन सांगेन. पण तो माझ्यामुळे बरोबर येतो आहे, हे मला कळत होतं. पहिल्या वर्षी तुझा आकडा अठ्ठावन्नच्या वर सरकेना. तू बाथरूममध्ये नळ सोडून रडायचीस आणि डोळे सुजवून बाहेर येऊन मलाच विचारायचीस, काय चुकतंय. तेव्हा एक दिवस मी माझी खुर्ची छोट्या पडद्यासकट त्याच्या मागून उचलली आणि पुढे आणून ठेवली, का, तर तो जरा शांत बसेल. पंधरा दिवसांत त्र्याहत्तर. दोन महिन्यांत नव्वद. तू मला मिठी मारलीस. एकदा ताप होता म्हणून मी आले नाही, त्या दिवशी पंचावन्न आले. तू म्हणालीस, त्याचा मूड नसेल. मी म्हटलं, हो, मूड नसेल. त्याच दिवशी सांगता आलं असतं, की खुर्ची मागे नेऊन बघ एकदा. नाही सांगितलं. तू दहा पुस्तकं वाचायचीस, मी पिंजरे धुवायचे, आणि ते एकच काम असं होतं जे माझ्यावाचून होत नव्हतं. मला ते आवडत होतं.

आणि त्या आकड्यांसाठी मी तुला आईपासून तीन आठवडे लांब ठेवलं. एवढे दिवस मी स्वतःला समजावत होते की बदल्यात काहीतरी उभं राहिलं. तेही राहिलं नाही. रागवायचं असेल तर आता पूर्ण रागव, मी काही शिल्लक ठेवलेलं नाही.

एक ठेवलं आहे. तेही लिहून टाकते.

शेवटच्या दिवशी दुपारी आईने डोळे उघडले. साखरेने तिची नजर गेल्यातच जमा होती, नुसते आकार दिसायचे. मी उशाशी होते. "बारके, आलीस?" म्हणाली. आपल्या दोघींची चेहरेपट्टी एकच, आवाजही फोनवर कुणाला वेगळा कळत नाही. मी हो म्हटलं. तिने माझा हात मनगटापर्यंत चाचपून बघितला. "केवढी वाळलीस ग. जेवलीस का?" म्हणाली. मी तुझ्यासारखं नाकात "हो ग आई" म्हटलं. तिला ते पटलं. मग तिने डोळे मिटले, आणि पुन्हा काही बोलली नाही.

संध्याकाळी तू आलीस आणि दारातच विचारलंस, माझं नाव काढलं होतं का तिने? मी नाही म्हटलं. तीन आठवडे मी तिचं अंग पुसत होते, कुशीवर वळवत होते, आणि शेवटचं ती बोलली ते तुझ्याशी. मला ते तुला द्यायचं नव्हतं. म्हणून ठेवून घेतलं.

तिने तुला विचारलं होतं, बारके. जेवलीस का, म्हणून.

ताई